‘माल निघालाय’ म्हणजे नक्की कुठे पोचलाय? इंटिरियरच्या कामात ऑर्डरींचा माग कसा ठेवता?

वीटकरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. परळला आमचं लहानसं इंटिरियरचं ऑफिस आहे. मी, माझी पार्टनर आणि साइट सांभाळणारा एक मुलगा, एवढेच आम्ही. एका वेळी पाच-सहा घरं चालू असतात. गेली दोन वर्षं माझा निम्मा दिवस डिझाइनमध्ये जात नाही, फोनवर जातो. टाइलवाला, प्लायवाला, काचवाला, सोफ्याच्या कापडाचा माणूस, लोहार चाळीतला हार्डवेअरवाला. ‘कधी येणार?’ ‘उद्या.’ परवा परत तेच.

धागा काढायला कारण मुलुंडचं एक घर. हॉल आणि पॅसेज मिळून ४३० चौरस फूट. टाइल ६०० बाय १२०० मिलिमीटरची, एका बॉक्समध्ये दोन, म्हणजे बॉक्सला साडेपंधरा चौरस फूट. तुटफुटीचे दहा टक्के धरून ३१ बॉक्स लागत होते. गेले २८. पॅसेजच्या टोकाला तीन बॉक्स कमी पडले. मागवले, आले, लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतून ऊन आत आलं आणि पॅसेजचा शेवटचा पट्टा बाकीच्या फरशीपेक्षा पिवळसर दिसला. बॅच वेगळी होती. आधीच्या बॅचचा एकही बॉक्स दुकानात नव्हता, गुजरातेत मोरबीच्या कारखान्यातही नव्हता.

आधी मी दुकानदारावर चिडले. मग दोन रात्री बसून सगळे मेसेज पुन्हा वाचून काढले. ३१चा आकडा मी आमच्या साइटवरच्या मुलाला व्हॉइस नोटमध्ये सांगितला होता. दुकानदाराला गेली होती त्याच्या आधीची पीडीएफ, तिच्यात २८. क्लायंटच्या ग्रुपवर तिसराच आकडा होता, कारण तेव्हा किचनलाही तीच टाइल लावायचं चाललं होतं. लेखी जे हातात आलं ते दुकानदाराने पाठवलं. चूक आमची होती. पूर्ण पॅसेज उखडून नव्या बॅचचा केला, हॉल आणि पॅसेजच्या मधे काळ्या ग्रॅनाइटची पट्टी टाकली, पैसे आमच्या खिशातून गेले. त्या घरच्या काकूंना मी समोर बसून काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

तेव्हापासून आठ महिने आम्ही एक पद्धत चालवतोय. एकच गूगल शीट. प्रत्येक वस्तूला एक ओळ आणि ओळीला एक नंबर: मुलुंडची चौदावी ऑर्डर असेल तर ‘मुलु-१४’. हा नंबर प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला लिहायचा, फोनवर बोलतानाही सांगायचा. ज्या वस्तूला नंबर नाही तिची ऑर्डर गेलेली नाही, मग त्यावर कितीही बोलणं झालेलं असो. क्लायंटशी ठरलं, दुकानदाराला फोन झाला, तरी नंबर पडेपर्यंत आमच्या लेखी ते नुसतं बोलणंच.

शीटमधले बाकीचे रकाने कोणालाही सुचतील असे आहेत. एक मात्र आम्हाला फार उशिरा सुचला: ‘पुढचा फोन कोणत्या तारखेला आणि कोण करणार’. पूर्वी आम्ही फक्त माल येण्याची तारीख लिहायचो. ती दुकानदाराने दिलेली असते, आपल्या हातात नसते. पुढच्या फोनची तारीख आपली असते. ती उलटून गेली की ओळ लाल होते, आणि त्या ओळीत ज्याचं नाव त्यानेच फोन करायचा.

दुसरा बदल प्रश्नाचा. ‘कधी येणार?’ असं विचारलं की समोरचा माणूस आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. त्यात खोटेपणा असतोच असं नाही, त्यालाही त्या क्षणी तसंच वाटत असतं. हल्ली आम्ही विचारतो, ‘माल आत्ता कुठे आहे?’ आणि फोटो मागतो. ‘माल निघालाय’ या दोन शब्दांत किती काय मावतं ते मला त्यानंतर कळलं. कारखान्यातून निघाला, ट्रान्स्पोर्टवाल्याकडे पोचला पण ट्रक भरलेला नाही, भिवंडीच्या गोदामात उतरला, छोटा टेम्पो मिळायची वाट बघतोय, किंवा दुकानाच्या पोऱ्याने फक्त मालाचं चलान फाडलंय. सगळ्याला एकच उत्तर, ‘निघालाय मॅडम’.

पण सगळं सुटलेलं नाही. आमचे निम्मे व्हेंडर लिहिलेलं वाचत नाहीत. क्लायंट मधेच विचार बदलतात. आणि काही दुकानदार, ज्यांचा माल चांगला असतो आणि ज्यांना सोडायचंही नसतं, ते फोनच उचलत नाहीत. तुम्ही काय करता? इंटिरियरमधलेच हवेत असं नाही. व्हेंडर बाजूचं कोणी असेल तर जरूर लिहा.

ठाणे_पूर्व

नंबराची पद्धत पटली. आम्ही आर्किटेक्ट, सात-आठ जणांचं ऑफिस, तरी हे करत नव्हतो.

मोरबीच्या मालासाठी एक उपयोगी गोष्ट सांगतो. परराज्यातून येणारा ५० हजारांवरचा माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतं. त्याचे दोन भाग. पहिल्यात बिलाचा तपशील, दुसऱ्यात गाडीचा नंबर. गाडीचा नंबर भरलेला नसेल तर माल ट्रकवर चढलेला नाही असं धरून चालायचं. दुकानदाराला ‘निघाला का’ विचारण्याऐवजी ई-वे बिलाची पीडीएफ मागायची आणि दुसरा भाग बघायचा. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. मोरबी ते मुंबई सातशेच्या आसपास पडतं, त्यामुळे साधारण चार दिवसांची मुदत दिसते. ती संपत आली आणि माल नाही, तर वाटेत काहीतरी अडलंय, तेव्हा फोन करायचा. रोज करायची गरज नाही.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे, त्यामुळे भिवंडीहून येणाऱ्या लहान ऑर्डरला बऱ्याचदा हे बिल नसतं. तिथे ट्रान्स्पोर्टची बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची त्यांची पावती, मागा. बिल्टीचा नंबर शीटमध्ये लिहून ठेवला की दुकानदाराला मधे न घेता थेट ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसला विचारता येतं. आमचे निम्मे फोन त्यानेच वाचले.

वीटकरी

दुसरा भाग बघायचं मला माहीतच नव्हतं. आम्ही पीडीएफ आली की समाधान मानायचो. आजच बिल्टी आणि ई-वे नंबराचा रकाना घालते.

लाकूडवाला

ताई, तुम्ही पलीकडच्या बाजूचं कोणी असेल तर लिहा म्हणालात म्हणून लिहितो. माझं घाटकोपरला प्लाय-सनमायकाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. रे रोडच्या लाकूडबाजारातूनही माल उचलतो.

फोन का उचलत नाही ते सांगतो. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा गाड्या भरायची वेळ. तेव्हा माझ्या एका हातात चलान बुक असतं आणि समोर तीन टेम्पो उभे असतात. त्याच वेळात डिझायनर लोकांचे सगळ्यात जास्त फोन येतात, कारण तुमच्या साइट दहाला उघडतात आणि सुतार सांगतो माल नाही. दुपारी दोन ते चार मी निवांत असतो. तेव्हा कोणीही फोन करत नाही.

दुसरं, मेसेज. काल मला आलेला मेसेज असा: ‘१९ एमएम १५ शीट पाठवा अर्जंट’. आता १९ एमएम कुठलं? एमआर, म्हणजे थोडीफार ओल सोसणारं साधं, पाहिजे की आयएस ७१० वालं वॉटरप्रूफ? दोन्हींच्या भावात मोठा फरक आहे. किचनचा खालचा भाग असेल तर ७१० लागेल, कपाटाला साधं चालेल, पण ते मी कसं ठरवायचं? पत्ता कुठला? या मॅडमच्या चार साइट चालू आहेत. उतरवून कोण घेणार, सोसायटी किती वाजेपर्यंत गाडी आत घेते, पेमेंट कोणाकडून? हे सगळं विचारायला मला पाच मेसेज करावे लागतात, म्हणून तो मेसेज मागे पडतो, आणि ज्याने सगळं एकदम लिहिलंय त्याची गाडी आधी भरते. इतकं साधं आहे हे.

तिसरं मनापासून सांगतो. एकाच ऑफिसातून तीन जण फोन करतात. मॅडम म्हणतात पंधरा शीट, सुपरवायझर म्हणतो बारा, सुतार म्हणतो शेठ वीस टाका. मी कोणाचं ऐकू? माल परत आला तर भाडं माझं जातं. ज्या ऑफिसातून एकच माणूस ऑर्डर देतो त्यांच्याशी माझं कधी भांडण झालेलं नाही.

आणि पैसे. ज्यांचे पैसे वेळेवर येतात त्यांचा माल मी दुसऱ्याच्या स्टॉकमधून काढून देतो. हे सगळे दुकानदार करतात. त्यामुळे माल कधी येणार हे थोडंफार मागचं बिल कधी भरलं त्यावरही असतं.

वीटकरी

दादा, हे वाचून पार्टनरला फोन केला. तीन जणांच्या फोनचं तुम्ही लिहिलंत ते अगदी आमच्याच ऑफिसचं वर्णन आहे. दुपारी दोन ते चारचं तर कोणी कधी सांगितलंच नव्हतं. उद्यापासून प्रत्येक व्हेंडरच्या नावापुढे त्याची निवांत वेळ लिहून ठेवणार.

रंधा

माझे बाबा फर्निचरचं काम करतात, जोगेश्वरीला वर्कशॉप आहे. आठ कारागीर. धाग्यात ‘व्हेंडर लिहिलेलं वाचत नाहीत’ असं आलंय, त्याबद्दल.

बाबा चौथीपर्यंत शिकले. ड्रॉइंग त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, माप सुता-दोऱ्यापर्यंत अचूक. पण मेसेज वाचायचा त्यांना कंटाळा येतो आणि इंग्रजीतली यादी आली की ते ती बाजूला ठेवतात. त्यांना कोणी गूगल शीटची लिंक पाठवली तर ते ती कधीच उघडणार नाहीत, आणि त्यांनी उघडावी अशी अपेक्षाही मला बरोबर वाटत नाही. हिशेब ठेवायची गरज डिझायनरला आहे. कारागिराची गरज आहे ती स्पष्ट सांगण्याची.

एका मॅडमची पद्धत बाबांना फार आवडते. त्या आधी फोनवर बोलतात, बाबा जे बोलतील ते त्या कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहितात, माप आकड्यात, आणि त्या कागदाचा फोटो पाठवतात. बाबा तो वर्कशॉपच्या भिंतीवर लावायला प्रिंट काढायला सांगतात आणि त्यांना ‘बरोबर’ अशी व्हॉइस नोट पाठवतात. काही चुकलं असेल तर लगेच सांगतात. बोलायचं काम बाबांचं, लिहायचं मॅडमचं. चार वर्षांत त्यांच्या एकाही कामात माप चुकलेलं नाही.

आणि सणांचं आधीच विचारून ठेवा. आमच्याकडचे कारागीर उत्तर प्रदेश, बिहारचे. होळीला आणि दिवाळी-छठला गावी जातात, रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं. म्हणजे बाबांना दोन महिने आधी माहीत असतं की त्या पंधरा दिवसांत वर्कशॉप बंद. पण कोणी विचारत नाही. मग शेवटच्या आठवड्यात ‘दिवाळीच्या आधी सोफा पाहिजेच’ असे फोन येतात आणि बाबा नाही म्हणू शकत नाहीत.

ठाणे_पूर्व

सणांचं मोरबीलाही लागू. जन्माष्टमीच्या सुमारास सौराष्ट्रात सातम-आठमची मोठी सुट्टी असते. आपल्याकडे तेव्हाच गणपतीच्या आधी घर ताब्यात द्यायची घाई असते. दोन्ही बहुतेक पाठोपाठच येतात आणि दरवर्षी आम्ही फसायचो.

कोडिंगवाला

मी या क्षेत्रातला नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण हे सगळं शीटमध्ये करण्यापेक्षा एखादं तयार प्रोजेक्ट मॅनेजमेंट अ‍ॅप का वापरत नाही? नोटिफिकेशन, व्हेंडर लॉगिन, सगळं मिळतं. महिन्याला माणशी काही शे रुपये.

वीटकरी

वापरलं, तीन महिने. अ‍ॅप वाईट नव्हतं. अडचण अशी झाली की नोंदी संध्याकाळी ऑफिसला परत आल्यावर व्हायच्या, त्यामुळे अ‍ॅपमध्ये कालचं चित्र असायचं आणि खरं काय चाललंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर. साइटवरचा मुलगा बेसमेंटमध्ये, रेंज नाही, हातात सिमेंट. व्हेंडर लॉगिन तर एकानेही केलं नाही. रंधा यांनी लिहिलंय ते आम्ही तेव्हा समजून घेतलं असतं तर तीन महिने वाचले असते.

शीटमध्ये माझ्या कामाच्या दोनच सोयी आहेत: ठरलेल्या पर्यायांतूनच टप्पा निवडायचा, म्हणजे एकाने ‘आलं’ आणि दुसऱ्याने ‘डिलिव्हर्ड’ असं लिहायला नको, आणि पुढच्या फोनची तारीख आजच्या आधीची असेल तर ओळ आपोआप लाल. शिवाय कोणी कधी काय बदललं तो इतिहास शीट ठेवते. २८चे ३१ कधी झाले ते आता दिसलं असतं. आमच्यापेक्षा चौपट मोठं ऑफिस असेल तर अ‍ॅप लागेलही. तीन माणसांना शिस्त लागते आणि ती कुठल्याही अ‍ॅपमधून मिळत नाही.

कोडिंगवाला

समजलं. शीटला एक फॉर्म जोडलात तर साइटवरच्या मुलाला शीट उघडायची गरज पडणार नाही. फोनच्या होम स्क्रीनवर फॉर्मचा शॉर्टकट, त्यात ऑर्डर नंबर, टप्पा आणि फोटो एवढंच. नोंद वेगळ्या टॅबमध्ये वेळेसकट पडते. मदत हवी असेल तर बसवून देतो, पैसे नकोत.

साइटवरून

मी सुपरवायझर. बारा वर्षं झाली या लाइनमध्ये. वर सगळ्यांनी माल येईपर्यंतचं लिहिलंय. माझं काम माल आल्यावर सुरू होतं आणि निम्मे घोटाळे तिथे होतात.

माझ्यासोबत झालेलं सांगतो. अंधेरीची एक साइट. सोसायटीत सहापर्यंतच गाडी आत. टेम्पो आला पावणेसहाला, मी दुसऱ्या साइटवर. वॉचमनने चलानवर सही केली. बॉक्स लॉबीत उतरवले. सकाळी मोजले तर दोन कमी, आणि चार बॉक्सवर शेडचा नंबर वेगळा. चलानवर सही आहे, दुकानदार म्हणतो माल पूर्ण दिला. वॉचमन बिचारा म्हणतो मला काय कळतं. तेव्हापासून नियम: सही फक्त मी किंवा मी ज्याचं नाव कळवलंय तो. गाडी निघण्याआधी ड्रायव्हरचा नंबर मला पाहिजे. पाचच्या पुढे पोचणार असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ये.

टाइल उतरवताना प्रत्येक बॉक्सच्या बाजूला छापलेला बॅच आणि शेड नंबर बघायचा. एक बॉक्स उघडून चालत नाही, प्रत्येक बघायचा. तीस बॉक्स बघायला दहा मिनिटं लागतात. तीन फोटो काढतो: गाडीत असतानाचा, लेबलचा, सही केलेल्या चलानचा. तिन्ही ग्रुपवर टाकतो, खाली ऑर्डर नंबर. फोटो एरवी पाठवतो तसा पाठवला तर दबतो आणि लेबलवरचा नंबर पुसट होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवतो.

अजून एक. दादर, गिरगावच्या जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट छोटी. आठ बाय चारची शीट लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याने चढवायची. हमाल मजल्याचा भाव लावतात आणि ते आधी ठरलं नसेल तर रस्त्यात गाडी उभी ठेवून वाद चालतो. ऑर्डर देतानाच मजला आणि लिफ्ट कळवा. आमचे हमाल लोक मेहनतीचे आहेत, पैसे मागतात ते रास्तच, पण आधी बोललेलं असावं.

दस्तऐवज

वकिली करते, व्यापारी दाव्यांचं काम बऱ्यापैकी बघते. वॉचमनच्या सहीवरून लिहावंसं वाटलं.

मालविक्रीचा आपला कायदा १९३०चा आहे आणि त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या रोजच्या कामाच्या आहेत. नमुना दाखवून विक्री झाली असेल तर आलेला माल नमुन्याशी जुळला पाहिजे, ते कलम १७. माल तपासायची वाजवी संधी मिळाली पाहिजे, ते ४१. आणि ४२ असं सांगतं की माल ठेवून घेतला, वाजवी वेळेत नको असं कळवलं नाही, किंवा मालकासारखा वापरला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. टाइल जमिनीला चिकटवली की मग शेड वेगळी म्हणून परत करण्याचा हक्क जवळपास संपतो. म्हणून मंजूर केलेला टाइलचा किंवा सनमायक्याचा तुकडा, मागे सही आणि तारीख घालून, काम संपेपर्यंत ऑफिसात जपून ठेवा.

चलानवर सही करावीच लागत असेल आणि मोजायला वेळ नसेल तर सहीच्या वर हाताने लिहा: ‘मोजणी व तपासणी बाकी’. चार शब्दांनी बरंच काही वाचतं. आणि त्याच दिवशी मोजून, कमी-जास्त असेल ते लेखी कळवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी चालतात, पण तिथला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि त्यानंतरही दोन दिवस सगळ्यांसाठी पुसता येतो. भाव, माप, तारीख ठरली की त्याच दिवशी ते एका ईमेलमध्ये टाका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्यातल्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन बदलताना जुनं चॅट उडवू नका. कोर्टात जायची वेळ कोणावर न येवो, पण कागद नीट असला की बहुतेक भांडणं दुकानातच मिटतात, हा माझा अनुभव.

हिशेबनीस

लाकूडवाला यांनी पैशांचा मुद्दा काढला, त्याला जोडून. मी सीए आहे, आमच्याकडे काही इंटिरियरची ऑफिसं आहेत.

रंधा यांच्या बाबांसारखं वर्कशॉप सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर त्यांचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही याला दात आले: मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेरीस बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरतात. माल बनवणारे आणि सेवा देणारे यांना हे लागू आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना नाही. तेव्हा शीटमध्ये ‘उद्यम आहे का’ आणि ‘पैसे द्यायची शेवटची तारीख’ हे दोन रकाने घाला. माल येण्याच्या तारखेवर सगळे डोळे लावून बसतात, ही तारीख कोणी बघत नाही.

जीएसटीचंही तसंच. दुकानदाराने त्याच्या विवरणात तुमचं बिल दाखवलं नाही तर ते तुमच्या २बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या यादीत, येत नाही आणि क्रेडिट मिळत नाही. १८ टक्क्यांचा प्रश्न आहे. बिल आलं की ऑर्डर नंबरासमोर त्याचा क्रमांक लिहा, आणि २बीत दिसलं की खूण करा. मार्चमध्ये तुमचे आणि आमचे दोघांचेही हाल कमी होतील.

तिसरा_मजला

मी क्लायंट. गेल्या वर्षी बोरिवलीचं घर करून घेतलं. डिझायनर चांगल्या होत्या, घरही छान झालंय. पण सात महिने आम्ही भाड्याच्या घरात, आणि दर आठवड्याला ‘काम चालू आहे’ एवढंच कळायचं. उशीर होतो हे आम्हाला कळतं हो. कशामुळे होतोय ते कळलं असतं तर घरमालकाशी तरी नीट बोलता आलं असतं. ही शीट क्लायंटला दाखवता का?

वीटकरी

तिसरा_मजला, तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण आमचेही काही क्लायंट हेच म्हणाले असते.

भाव दाखवत नाही. वस्तू, टप्पा आणि क्लायंटकडून काय अडलंय एवढाच एक टॅब आता दर शुक्रवारी पाठवतो. शेवटचा रकाना फार कामाचा ठरला. ‘बेडरूमच्या सनमायक्याचा शेड ठरलेला नाही, बुधवारपर्यंत ठरला तर सुतारकाम थांबणार नाही’ असं लिहिलेलं दिसलं की घरात बसून निर्णय होतो. तारीख उलटली तर पुढच्या तारखा सरकलेल्या त्यांना तिथेच दिसतात. बदल करू नका असं आम्ही कोणाला सांगत नाही, घर त्यांचं आहे. फक्त जुनी ओळ रद्द करायची आणि नवीन नंबर पाडायचा. जुन्याच ओळीत माप बदललं की पुन्हा मुलुंड होतं.

याला धरूनच काचेचं सांगते, कारण इथे चूक सुधारताच येत नाही. बाथरूमच्या पार्टिशनची टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही, सगळं आधी करावं लागतं. आमची एक काच बारा मिलिमीटर मोठी आली, कारण माप भिंतीला टाइल लागण्याआधीचं होतं. पूर्ण काच वाया. तेव्हापासून प्रत्येक ओळीत ‘कोणत्या तारखेच्या ड्रॉइंगवरून’ असा रकाना आहे, आणि काच, किचनचा ओटा आणि कपाटांची दारं (शटर) या तिन्हींची ऑर्डर साइटवर जाऊन शेवटचं माप घेतल्याशिवाय जात नाही. आठवडा उशीर झाला तरी चालेल.

आयात मालाबद्दल एवढंच सांगेन की २०२३च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि बरीच जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, तेव्हा आमचे इटलीचे दिवे न्हावा शेवा बंदरात पोचेपर्यंत क्लायंटची वास्तुशांत होऊन गेली होती. तेव्हापासून परदेशी वस्तू सुचवताना तिच्या शेजारी इथे मिळणारा पर्याय त्याच दिवशी ठरवून ठेवतो.

माटुंग्याची

वाचतेय. नुकतंच स्वतःचं काम सुरू केलंय, एकटीच आहे. एकटीला हे सगळं झेपेल का? मेसेजचा नमुना दिलात तर बरं होईल.

वीटकरी

एकटीला तर जास्त सोपं, तिघांना समजावत बसायला नको. पहिल्या दिवशी चारच रकाने करा: नंबर, वस्तू, टप्पा, पुढचा फोन. बाकीचे गरज लागेल तसे येतील. आमचेही तसेच आले.

लाकूडवाला यांच्या प्रतिसादानंतर आजच एक ऑर्डर लिहिली, दादरच्या साइटची. नमुना म्हणून तीच देते:

‘दाद-०७. प्लाय १९ मिमी, आयएस ७१०, ८ बाय ४, १५ शीट, किचनसाठी. प्लाय ६ मिमी, एमआर, ८ बाय ४, ६ शीट, कपाटांच्या पाठीसाठी. साइट: दादर पश्चिम, चौथा मजला, पत्ता खाली. गुरुवारी सकाळी १० ते १२ मध्ये हवं, सोसायटी दुपारी २ ते ४ गाडी आत घेत नाही. उतरवून घेणार: आमचा साइटवरचा मुलगा, नंबर खाली, सही फक्त त्याचीच. पेमेंट: निम्मे आज, बाकी मोजणी झाल्यावर त्याच दिवशी. बिल ऑफिसच्या नावाने. यात बदल झाला तर फक्त मी कळवीन.’

लाकूडवाला

असा मेसेज आला तर मी गाडी भरता भरता उत्तर देईन. लिफ्टचं लिहायचं राहिलंय. आठ फुटी शीट त्यात उभी जाते का, त्यावर सोबत दोन हमाल पाठवायचे की चार ते ठरतं.

वीटकरी

आत्ता साइटवर फोन करून विचारलं. लिफ्ट सहा फुटांची आहे, जिन्याने चढवावं लागेल. चार हमाल, मजल्याचा भाव आधी ठरवून. मेसेजमध्ये घातलं.